शेळीनं खाल्लेली पानं

गुलाबतात्यांच्या घरात मी भाड्यानं राहायला गेले आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी त्यांनी माझा चष्मा जप्त केला.

तो मी खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून तोंड धुवायला गेले होते. परत येऊन बघते तर चष्मा गायब. चष्म्याशिवाय मला समोरचा माणूस नीट ओळखू येत नाही, तिथं चष्मा कुठून सापडणार! चाचपडत दाराशी आले तर एक उंच, काटकुळा आकार उभा. हातात रुमालात गुंडाळलेलं काहीतरी.

"बाई, रागावू नगा," तो आकार म्हणाला. "पर उन्हाच्या वाटंत भिंग ठिवायचं न्हाई. पेटतंय."

मी शाळेत विज्ञान शिकवते. म्हटलं, तात्या, हा लांबचं बघायचा चष्मा आहे, याचं भिंग खोलगट असतं, यानं ऊन पसरतं, कापूसही पेटायचा नाही. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग चष्मा माझ्या हातात देत म्हणाले, "असंल. तरी बी नेम न्हाई." आणि जाता जाता माझ्या खिडकीचा पडदा ओढून गेले.

मी आष्ट्याची. आमच्याकडं घराच्या मागल्या दारापर्यंत ऊस आलेला. तिथून बदली होऊन माण तालुक्यात आले तेव्हा माझ्या आईनं मला वाळवंटात पाठवत असल्यासारखी पाण्याची पाच लिटरची बाटली बरोबर दिली होती. दहिवडीपासून आत, जिथल्या ओढ्याला वर्षातले बरेच महिने नुसती वाळू असते, अशा या गावात मला घर मिळालं ते समुद्रात उभा जन्म काढून आलेल्या माणसाचं. गावातली बाकीची माणसं मुंबईला गेली ती गिरणीत नाहीतर गोदीत राहिली. तात्याही गोदीतच गेले होते. तिथून कसे कोण जाणे, दीपगृहाच्या खात्यात चिकटले आणि निवृत्त होईपर्यंत दिवेच सांभाळत राहिले. गाव त्यांना बत्तीवाले तात्या म्हणायचं.

पडद्याचं प्रकरण मला पुढं कळलं. त्यांची सगळ्यात जास्त वर्षं गेली ती कोकण किनाऱ्यापासून होडीनं तासाभरावरच्या एका बेटावर. तिथला मनोरा इंग्रजांच्या अमदानीतला, काळ्या दगडाचा. वरचं भिंग फ्रान्समधून बोटीनं आणलेलं, माणसापेक्षा उंच. पाऱ्याच्या हौदावर तरंगत ठेवलेलं असल्यामुळं एवढं धूड बोटानं ढकललं तरी फिरायचं. रात्री ते आतला उजेड लांब समुद्रावर फेकायचं आणि दिवसा बाहेरचं ऊन आत घेऊन आतलंच काहीतरी पेटवायचं. म्हणून उजाडलं की काचघराला चारी बाजूंनी पडदे. "दिवसाचा पडदा चुकला की रातीची बत्ती गेली," तात्या सांगायचे. निवृत्त झाल्यावर हातात पडदे उरले ते घरचेच. स्वयंपाकघरात काकींची स्टीलची भांडी उन्हात चमकायला लागली की ते फडताळापुढंही धोतर टांगायचे. काकी ते ओढून काढायच्या. हे रोजचं.

काकी म्हणजे त्यांच्या मंडळी. ठेंगण्या, ठसठशीत, तोंडानं फटकळ. तात्या बोलायला लागले की त्या मधेच एखादं वाक्य टाकायच्या आणि तात्यांच्या भाषणातली हवा काढून टाकायच्या. एकदा तात्या मला सांगत होते, की बेटावर पावसाचं साठवलेलं पाणी आठ महिने पुरवायचं असे, बाकीची कोकणातली माणसं त्यावरून भांडायची, आपण मात्र एका तांब्यात अंघोळ करून दाखवायचो. काकी भाकरी थापता थापता म्हणाल्या, "दाखवायचं न्हवं, वास यायचा."

रोज सकाळी आणि संध्याकाळी तात्या गच्चीवर जायचे. बरोबर एक लांबट वही. तिच्यात पट्टीनं रकाने आखलेले. वारा कुठला, ढग किती, नजर कुठवर जाते. नजर मोजायला त्यांनी डोंगरावरच्या पवनचक्क्या धरल्या होत्या. पहिली रांग दिसली तर एवढं, दुसरी दिसली तर एवढं. शेवटचा रकाना होता 'समुद्राची स्थिती'. त्यात रोज, दोन्ही वेळेला, सुवाच्य अक्षरात एकच शब्द लिहिलेला असायचा. 'नाही.' अशा त्यांच्याकडं अकरा वह्या होत्या.

मी हसू दाबत विचारलं, "तात्या, हा रकाना कशाला?"

"समुद्र न्हाई, म्हंजे न्हाई लिवायचं. खोटं कुटं लिवलंय?" ते म्हणाले.

एकदा मी त्यांना शाळेत बोलावलं. ते इस्त्रीचा सदरा घालून, हातात बॅटरी आणि डब्याचं झाकण घेऊन आले. वर्गाच्या खिडक्या बंद करायला लावल्या. बॅटरीपुढून झाकण असं काही हलवलं, की दोनदा लखलख, मग थांबा, पुन्हा दोनदा लखलख. पोरं मोजायला लागली. प्रत्येक दिव्याची चाल वेगळी असते, त्या चालीवरून खलाशी ओळखतो की आपण कुठं आहोत, हे त्यांनी पोरांना दहा मिनिटांत शिकवलं. मला ते पुस्तकावरून शिकवायला एक तास लागला असता. मागल्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, "तात्या, बत्ती बंद पडली तर?"

"बंद पडली तर खलाशी सावध हुतो. बोट हळू घेतो. पर चुकीची लागली तर त्यो बिनघोर पुढं येतो आन थेट खडकावर चढतो. म्हणून बंद बत्ती एक येळ परवडली, खोटी न्हाई परवडत."

या माणसाची आणखी एक तऱ्हा होती आणि तिचा अर्थ मला बरेच दिवस लागला नाही. गावात घरटी दोन-चार शेळ्या. तात्यांच्या दारात एकही नाही. बरं, शेळ्यांचा राग म्हणावा तर तसंही नव्हतं. पण पारावर पेपर वाचत बसलेले असताना समोरून शेळी आली, की ते पेपरची घडी घालून काखेत मारायचे आणि ती वळणाआड जाईपर्यंत तिच्याकडं बघत राहायचे. पोरं मुद्दाम शेळ्या त्यांच्या समोरून न्यायची. तात्या प्रत्येक वेळी घडी घालायचे.

दोन वर्षांपूर्वी खात्याचं पत्र आलं. बेटावरच्या दीपगृहाचा इतिहास पुस्तिकेच्या रूपानं छापायचा आहे, जुन्या कर्मचाऱ्यांनी आठवणी कळवाव्यात. मी ते मोठ्यानं वाचून दाखवलं. मला वाटलं, आता तात्या उड्या मारतील. त्यांनी पत्राची घडी घालून ती खिशात ठेवली. त्या संध्याकाळी वहीत 'समुद्राची स्थिती' हा रकानाही भरला नाही. जेवणं झाल्यावर ओसरीवर येऊन माझ्यासमोर बसले, एखादा मुलगा वर्गात काच फोडून येऊन बसतो तसे.

"बाई, त्या मनोऱ्याचा खरा इतिहास माझ्या शेळीनं खाल्लाय."

मी काकींकडं बघितलं. काकी म्हणाल्या, "आइका आता. मी तीस वर्सं आइकतीया."

झालं होतं असं. मुलगा लहान असताना तात्यांनी काकींना बेटावर नेलं. बेटावर दूध नाही. माणातला माणूस, त्याला दुधावर एकच उपाय माहीत. त्यांनी गावाकडून एक शेळी आणली. एसटीच्या टपावरून, मग होडीतून. बेटावर कपाटात जुनी रजिस्टरं होती. फावल्या वेळात तात्या ती वाचत. बहुतेक सगळी इंग्रजीत, वारा अमुक, तेल तमुक. पण एका फार जुन्या रजिस्टराच्या शेवटी चार पानं मराठीत होती, बाळबोध अक्षरात. लिहिणारा तिथला त्या वेळचा मुख्य बत्तीवाला. सामान आणायला तो किनाऱ्यावर गेला आणि समुद्र खवळल्यानं अडकला. हाताखालचा माणूस बेटावरच तापानं निपचित पडलेला. तेव्हा भिंग फिरवायला घड्याळासारखं यंत्र होतं, त्याला दर काही तासांनी चावी द्यावी लागे. ती चावी पाच रात्री त्याच्या बायकोनं दिली. मांडीवर अंगावर पितं पोर. किनाऱ्यावर बसून नवरा रोज रात्री बघायचा, बत्ती आपल्या चालीनं लागते आहे.

"आन परत आल्यावर त्येनं त्ये सगळं लिवलं," तात्या म्हणाले. "तिचं नाव घालून. पुरं नाव. बाई, त्या काळात बायकूचं नाव कोन घेत हुतं का? कुटुंब म्हणायचं, घरातली म्हणायचं. ह्या गड्यानं सरकारी रजिस्टरात तिचं नाव लिवलं आन खाली सही केली."

पावसाळा संपला तसं रजिस्टर ओलसर वास मारायला लागलं, म्हणून तात्यांनी ते कुरडया वाळत घालाव्यात तसं उन्हात कट्ट्यावर उघडून ठेवलं. एवढ्यात पडदे तपासायचे आठवले म्हणून वर गेले. खाली आले तेव्हा शेळी शेवटचं पान चघळत होती.

"माणचा माणूस मी. शेळीसमोर कागद ठिवला. गावात कुणाला सांगितलं तर त्वांडावर थुकतील." ते म्हणाले. "आन वर खोटं लिवलं. वाळवीनं खाल्लं म्हणून कळिवलं. साहेब दोन माणसं आन पावडरीचं डबं घिऊन आला. अख्खं बेट फवारलं. बाई, त्या बेटावर वाळवी न्हवतीच."

मला हसू आवरेना. तात्याही क्षणभर हसले. मग त्यांचा चेहरा असा काही उतरला, की माझं हसू तोंडातल्या तोंडात राहिलं.

"ती पानं वाचलेला मी एकलाच. समदं याद हाय. रात कितवी, वारा कुठला. तिचं नाव तेवडं ऱ्हात न्हाई." नाव आठवावं म्हणून त्यांनी किनाऱ्यावरच्या गावांत चौकशा केल्या होत्या. बत्तीवाला बदलीवर आलेला, कुठला होता तेही कुणाला ठाऊक नव्हतं.

"शेळीनं एकदा खाल्लं," काकी म्हणाल्या, "ह्ये तवापास्नं रवंथ करत्यात."

मग आम्ही लेख लिहिला. तात्या सांगायचे, मी मोबाइलवर टाइप करायची. पडदे, पारा, पाण्याची टाकी, पाच रात्री, शेळी, वाळवी, सगळं. एक अक्षर गाळू दिलं नाही. जिथं नाव यायचं तिथं 'नाव आठवत नाही' असं घातलं. लेख पाठवला आणि आठवड्यानं एका तरुण साहेबाचा फोन आला. अतिशय आदबीनं बोलत होता. मी फोन स्पीकरवर ठेवला.

"आजोबा, लेख फार आवडला. पण त्या बाईंची हकिकत अशी कशी छापू? कागद नाही, नाव नाही. वाचणारा म्हणेल दंतकथा आहे. नाव असेल तर तुमच्या आठवणीच्या आधारावर मी वरिष्ठांना पटवीन. जरा आठवून बघा ना. तुम्ही सांगाल ते नाव छापतो."

फोन ठेवला तेव्हा मी मनातून खूश झाले होते. आता काय, एक नावच तर हवं. माझा उतावळा स्वभाव. मी लगेच म्हटलं, "तात्या, त्या वेळची नावं ती किती असणार? एखादं बरोबर निघेलही."

त्यानंतरचे चार दिवस मी विसरणार नाही. काकी काम करता करता नावं घ्यायला लागल्या. भाकरी थापताना, ज्वारी निवडताना, दळण चाळताना. "जानकी?" "न्हाई." "द्वारका?" "न्हाई." "सखू? भागीरथी? येसू?" तात्या डोळे मिटून बसायचे. प्रत्येक नावाला थोडा वेळ घ्यायचे, तोंडात घोळवल्यासारखं करायचे, आणि मान हलवायचे. काकींनी आपल्या आईचं, आजीचं, सासूचं नाव घेतलं, गावातल्या झाडून सगळ्या म्हाताऱ्यांची नावं संपवली. एवढ्या फटकळ बाईच्या आवाजात त्या चार दिवसांत एकदाही चेष्टा नव्हती. 'राधाबाई'ला तात्या बराच वेळ थांबले. काकींनी चाळण खाली ठेवली. मग म्हणाले, "न्हाई. ग्वाड वाटलं म्हणून थांबलो."

पाचव्या दिवशी साहेबाला उत्तर द्यायचं होतं. मी फोन हातात घेऊन म्हटलं, "तात्या, राधाबाई सांगून टाकू का? नाहीतर ती बाई पुस्तकातनं साफ जाईल. काहीच नसण्यापेक्षा बरं."

ते माझ्याकडं बघत राहिले. चिडले नव्हते. उलट माझी कीव आल्यासारखं बघत होते, आणि ते मला जास्त लागलं.

"बाई, पोरांस्नी काय सांगितलं मी? राधाबाई छापलं की झालं, पुन्ना कोन हुडकणार न्हाई. खरी हाय ती कायमची बुडली. मी तिला एकदा बुडिवलीया." आणि फोन माझ्याकडून घेऊन त्यांनी स्वतःच साहेबाला सांगितलं, "न्हाई आठवत. मी सांगणार न्हाई."

पुस्तिका छापून आली. गुळगुळीत कागद, मुखपृष्ठावर मनोरा. तात्यांचा लेखही होता. पडदे होते, पारा होता, एका तांब्यातली अंघोळसुद्धा होती. बाई नव्हती. शेळीही नव्हती. शेवटी आजवरच्या बत्तीवाल्यांची यादी होती, तीत सगळे पुरुष. गावाला यातलं काही ठाऊक नव्हतं. सरपंचांनी शाळेत सत्कार ठेवला, फेटा बांधला, पोरांनी टाळ्या वाजवल्या. तात्या फेट्यात असे बसले होते, की कुणाच्या तरी दहाव्या दिवसाला आलेत असं वाटावं. मला त्यांच्याकडं बघवेना. नाव सांगू का म्हणून विचारणारी मीच होते.

दुसऱ्या दिवसापासून ते लिहायला बसले. मोतीबिंदू काढलेले डोळे, कापरा हात. एक पान पूर्ण झालं की दुसऱ्या कोऱ्या कागदावर पुन्हा तेच. मी म्हटलं, "तात्या, एक लिहा, मी दहिवडीतून झेरॉक्स काढून आणते."

"रजिस्टरात झेरॉक्स चालत न्हाई," ते म्हणाले.

अशी त्यांनी चाळीस पानं लिहिली. पुस्तिका बेटावर पर्यटकांसाठी टेबलावर ठेवल्या जातात, हे त्यांना साहेबाकडून कळलं होतं. त्याला त्यांनी सरळ फोन करून विचारलं, मी येऊन प्रत्येकीत एकेक पान घातलं तर चालेल का? मग तो पोरगा म्हणाला, "आजोबा, मला विचारलंत तर नियमात बसत नाही. म्हणून तुम्ही मला विचारलेलंच नाही. होडीवर चढताना मात्र कुणाचा तरी हात धरा." मोठा गुणी पोरगा.

काकींचे गुडघे एसटीला तयार नव्हते. त्यांनी दशम्या बांधून दिल्या आणि मला साताऱ्यापर्यंत सोबत धाडलं. साताऱ्याच्या स्टँडवर गाडीला अर्धा तास होता. तात्यांनी पिशवी मांडीवर ठेवली होती, पानं ओली होऊ नयेत म्हणून आत प्लॅस्टिकचा कागद. मी चहा आणला तर पिशवीपासून हातभर लांब धरून प्याले. गाडी लागली. त्यांनी पिशवीतून एक पान काढून माझ्या हातात दिलं. "ह्ये तुमच्या पुस्तिकेत घाला," म्हणाले. मी त्यांना वर चढवलं. खिडकीपाशी जागा मिळाली तसा त्यांनी पहिल्यांदा ऊन कुठून येतंय ते बघितलं, मग माझ्याकडं बघून हात केला. मला म्हणायचं होतं की तात्या, माझं चुकलं. गाडीच्या आवाजात ते राहूनच गेलं.

मला ते पुन्हा दिसले नाहीत. आई आजारी पडली म्हणून मी त्याच आठवड्यात आष्ट्याला गेले आणि दीड महिना अडकले. तात्या बेटावर जाऊन आले, चाळीसातली एकोणचाळीस पानं लावून आले, एवढं फोनवर कळलं होतं. मी परतायच्या आधीच एका दुपारी ओसरीवर बसल्या जागी ते गेले.

त्या दिवशी गाडी सुटल्यावर मी स्टँडच्या बाकावर बसून ते पान वाचलं होतं. वर पाच रात्रींची हकिकत होती, ती मला पाठ होती. त्याखालचं मात्र मी पहिल्यांदा वाचत होते. एकही अक्षर ओळीबाहेर गेलेलं नव्हतं.

'सदर बाईंचे नाव : ......................................

ज्यांना माहीत असेल त्यांनी वरील जागी लिहावे. खात्री असेल तरच लिहावे.

ही पाने वाळवीने खाल्ली असे मी त्या वेळी कळवले होते. ते खोटे आहे. शेळी माझी होती.'